मडक्यातलं औषध

श्रीरामपूर
७ डिसेंबर २०२५

आबा,

तीर्थरूप, साष्टांग नमस्कार असं सगळं घालून पत्र सुरू केलं होतं. वाचून बघितलं तर मलाच ती कोर्टाची नोटीस वाटायला लागली. कागद फाडला. आता नुसतं आबा.

फोन तुम्ही उचलत नाही. मागच्या महिन्यात मी ऊसतोडीच्या टोळीवर आले तर "बैलांना पानी दावून येतो" म्हणून जे गेलात, ते मी परत निघेपर्यंत आला नाहीत. एवढं पाणी कुठला बैल पितो, आबा? कानिफनाथमामा मुकादम असून माझ्यासमोर मान खाली घालून बसले होते, जणू त्यांनीच तुम्हाला पळवून लावलंय. शेवटी तेच म्हणाले, "पोरी, तू चिठ्ठी लिव. मी त्याच्या हातात देतो. वाचल का न्हाई ते देव जाने, पर फाडायचा न्हाई." म्हणून हे पत्र. तुमची टोळी यंदा कारखान्याच्या या अंगाला उतरली आहे, माझ्या खोलीपासून एसटीने अर्ध्या तासावर. जामखेडहून एवढ्या जवळ येऊन राहिलात आणि मी तुम्हाला परमुलखात असल्यासारखं पत्र लिहितेय.

बातमी अशी की जानेवारीत शिर्डीला औषधनिर्माणशास्त्राची राष्ट्रीय परिषद आहे. परिषद म्हणजे देशभरातले औषधांचे मास्तर आणि कंपन्यांचे लोक एका मोठ्या हॉटेलात जमतात, समई लावतात, एकमेकांच्या गळ्यात शाली घालतात आणि मधल्या वेळात कुणी काय शोधलं ते सांगतात. त्यात संशोधनाचे पुरस्कार असतात. शेवटच्या फेरीत माझं काम आलंय.

काम तुमच्या ओळखीचंच आहे. गेल्या हंगामात मी टोळ्या-टोळ्यांवर मडकी ठेवत फिरत होते, ते तुमच्या कानावर गेलं असेल. साखरेच्या आजाराचं इंजेक्शन थंड ठेवावं लागतं आणि पाचटाच्या कोपीत फ्रिज कुठून आणायचा? मग वाळूत बसवलेल्या, ओल्या गोणपाटात गुंडाळलेल्या मडक्यात ते टिकतं का, हे मी तपासलं. तुम्ही आईचं औषध ठेवायचात अगदी तसंच, सरकारी दवाखान्यातल्या नर्सबाईंनी शिकवलं होतं तसं. मडक्यात डबी, डबीत बाटली.

काय निघालं ते मात्र लिहीत नाही. आमच्यात एक रीत आहे. स्पर्धेत असलेलं काम मंचावर सांगेपर्यंत पोटात ठेवायचं, आधी बोलायचं नाही. आणि खरं सांगायचं तर रीत नसती तरी मी लिहिलं नसतं. तुम्ही पत्र वाचून, घडी घालून, पुन्हा बैलांकडे गेला असतात. तुम्ही या आणि माझ्या तोंडून ऐका.

नाव नोंदवायच्या कागदावर "सोबत येणारी व्यक्ती" असा एक रकाना असतो. बाकीचे त्यात नवऱ्याचं, बायकोचं नाव घालतात, कारण सोबत आलेल्यांना शिर्डीचं दर्शन आणि दुपारचं जेवण असतं. मी दरवर्षी तो रकाना मोकळा सोडते. यंदा आसाराम लिहिलंय आणि नात्याच्या जागी वडील.

तारीख सतरा जानेवारी, शनिवार. मला तुम्ही तिथे हवे आहात.

सुकन्या


श्रीरामपूर
२८ डिसेंबर २०२५

आबा,

उत्तर आलं नाही, हे मी धरूनच चालले होते. मामा म्हणाले, चिठ्ठी घेतली, छातीशी खिशात ठेवली.

त्यांनी आणखी एक सांगितलं, की यंदाही तुम्हाला अर्धा कोयता धरलंय. नवराबायको मिळून एक कोयता, एकटा उरला की अर्धा. मला ही भाषा लहानपणापासून पाठ आहे, तरी त्या दिवशी ऐकून बसमध्ये डोळे भरून आले. शेजारी बसलेल्या बाईंनी मला एक केळं दिलं. रडणाऱ्या माणसाला भूक लागली असेल असं त्यांना वाटलं असावं. मी खाल्लं.

माझं म्हणाल तर कॉलेजात मी पूर्ण असते. तास घेते, पोरांना रागावते, विभागप्रमुख निकिता मॅडमशी यंत्राच्या दुरुस्तीवरून भांडते. संध्याकाळी खोलीवर आले की मीही अर्धीच. डबा येतो, खाते, भांडं विसळून ठेवते. सुट्टीच्या दिवशी सकाळपासून तोंडातून शब्द निघालेला नसतो, आणि दारावर दूधवाला आला की आवाज घोगरा येतो. तुमचं तिकडे तसंच होत असणार. एकाच तालुक्याच्या हवेत आपण दोघं गप्प बसून आहोत.

तुमचा राग कशाचा, ते मला कळतं असं वाटतं. आई गेली तेव्हा मी पुण्यात पेपर तपासायला गेले होते आणि पोहोचले तोवर तुम्ही तिला दवाखान्यातून बाहेर आणलं होतं. औषधं शिकवणारी लेक औषधाच्या वेळी जागेवर नव्हती. हे तुम्ही एकदा मला तोंडावर बोलून टाकलंत तरी चालेल. शिव्या द्या. तुमच्या शिव्या ऐकूनही किती दिवस झाले.

शिर्डीत पोस्टर लावायचंय. पोस्टर म्हणजे दाराएवढा कागद, त्यावर आपलं सगळं काम छापतात. लोक हातात चहाचा कप घेऊन त्याच्यापुढून फिरतात आणि परीक्षक थांबून प्रश्न विचारतात. त्यावर मी आईचा फोटो घेतलाय. मी टोळीवर आले होते तेव्हा मोबाईलवर काढलेला, मडक्यापाशी उकिडवी बसून हसतेय तो. बाकी फोटो नुसत्या मडक्यांचे आहेत.

सकाळच्या शिर्डी बसची वेळ मी मामांना सांगून ठेवली आहे. दारात कुणी अडवलं तर माझं नाव सांगा. तुमचा बिल्ला माझ्यापाशी असेल.

सुकन्या


शिर्डी
१७ जानेवारी २०२६

आबा,

तुम्ही आला नाहीत.

हे पत्र हॉटेलच्या गच्चीवर बसून लिहितेय. खाली जेवणाच्या रांगा लागल्या आहेत. मी ताट घेतलं होतं, पण गुलाबजामच्या पातेल्यापाशी दोन प्राध्यापक औषधाच्या गोळ्यांवरच वाद घालत उभे राहिले आणि रांग पुढे सरकेना, तेव्हा ताट ठेवून वर आले.

माझं भाषण साडेअकराला ठेवलं होतं. सकाळपासून मी फाटकाशीच होते. धोतर दिसलं की पुढे व्हायची. साईबाबांच्या गावात धोतरवाले थोडे का असतात? एका आजोबांना मी जवळजवळ हाताला धरलं. ते घाबरून म्हणाले, "बाई, मला न्हाई पायजे फुलं." त्यांना मी हारवाली वाटले. तुम्ही असतात तर यावर हसला असतात.

पोस्टरच्या दालनाकडे मी सकाळी फिरकले नाही. फाटक सोडवेना. मग नाव पुकारलं आणि पळत मंचावर गेले. पहिल्या रांगेत तुमच्यासाठी खुर्ची धरली होती, वर बिल्ला ठेवला होता. बोलताना मी त्या खुर्चीकडे बघायचं नाही असं ठरवलं आणि सगळा वेळ तिकडेच बघत राहिले. काम नीट सांगितलं. परीक्षकांनी प्रश्न विचारले, त्यांची उत्तरं दिली. एकाने विचारलं, या विषयाकडे कशा वळलात? मी म्हणाले, एका महिला रुग्णामुळे. आमच्यात रुग्णाचं नाव घेत नाहीत, नातं सांगत नाहीत. आईला मी तेवढ्या माणसांसमोर एक महिला रुग्ण म्हणाले आणि खाली येऊन पाणी प्यायले.

मला राग आलाय. खोटं कशाला लिहू? आई गेल्यापासून मी तुमच्या दारात येतेय, तुम्ही पाठ फिरवताय. माझीही आई गेली, आबा. तुमची बायको गेली हे मला दिसतं, माझी आई गेली हे तुम्हाला दिसत नाही का?

पुरस्कार उद्या जाहीर होतील. हे पत्र मी मामांकडे देईन की नाही, माहीत नाही.

सुकन्या


श्रीरामपूर
१९ जानेवारी २०२६

आबा,

परवाचं पत्र यासोबतच देतेय, कारण मी ते लिहिलं आणि मनापासून लिहिलं. पण आधी हे वाचा.

तुम्ही आला होतात.

मला काल दुपारी कळलं. पुरस्कार मला मिळाला. निवेदिका बाईंनी नाव पुकारलं आणि म्हणाल्या, "आपल्या कुटुंबीयांसह मंचावर यावे." सगळ्यांनाच तसं म्हणत होत्या. माझ्या आधीचे गृहस्थ बायको, दोन मुली आणि सासूबाई घेऊन वर गेले होते, फोटोत मावेनात. मी एकटी गेले. शाल, नारळ, सन्मानचिन्ह, सगळं एकाच हातात धरायची कसरत झाली. खाली उतरले तर मोनिका आली. पोस्टरच्या दालनात काम करणारी आमचीच विद्यार्थिनी, राहात्याची. म्हणाली, "मॅडम, काल सकाळी एक बाबा तुमच्या पोस्टरपाशी आले होते. लई वेळ उभे होते. सांगायचं राहूनच गेलं."

पोस्टर सगळं इंग्रजीत. तुम्ही तिला विचारलंत, "यात काय लिवलंय, बाई?" तिने बिचारीने वरचं ठळक तेवढं मराठीत सांगितलं, की मडक्यात ठेवलेलं औषध खराब होतं का, याचा शोध लावलाय. मग तुम्ही आईच्या फोटोवर बोट ठेवून विचारलंत, "हिचे डोळे का झाकलेत?" ती म्हणाली, ओळख पटू नये म्हणून. तुम्ही मान हलवलीत आणि गेलात. मी फाटकावर धोतरवाले शोधत होते आणि तुम्ही बाजूच्या दाराने येऊन गेला होतात.

तिथून मी तडक टोळीवर आले. तुम्ही उसाच्या फडात होतात. मामांना मी हात जोडले, म्हटलं, काय ते आता सांगाच. ते तंबाखू मळता मळता म्हणाले:

"त्या दवाखान्यात डाक्टरनं इचारलं हुतं, औषिद कुठं ठिवलं हुतं म्हून. ह्यो म्हनला मडक्यात. डाक्टर कायी बोलला न्हाई, नुसता बगत राह्यला. तवापसनं आसारामच्या डोस्क्यात बसलंय, का आपल्या मडक्यानं रंगू मारली. अन् तू त्येच मडकं घिऊन गावोगाव हिंडाया लागली. त्याला वाटलं, लेक बापाचा गुन्हा शोधती. काल शिर्डीवरनं आला तर म्हनतो कसा, पोरीनं सारं छापलंय, पर आईचं तोंड झाकून माझी आब्रू तेवढी राखली."

आबा, मी खाली बसले. टोळीतल्या लंकाबाईंनी तांब्यातून पाणी आणून दिलं. मामा म्हणत होते, रडू नगं, आणि मला ते ऐकूही येत नव्हतं.

तुम्ही दोन वर्षं हे मनात घेऊन ऊस तोडत होतात. आणि मी काय केलं, तर तुम्हाला यायला लावायचं म्हणून तेवढीच एक गोष्ट पत्रातून लपवली. रीत म्हणे. मला वाटलं, मी तुम्हाला गंमत दाखवतेय.

फडात येऊन गाठलं असतं तर तुम्ही पुन्हा बैलांकडे गेला असतात, म्हणून लिहूनच देतेय. तर आता ऐका. मंचावरच्या भाषेत नाही, आपल्या भाषेत लिहिते.

मडक्यात औषध चांगलं राहतं. टोळ्यांवर मी जी मडकी ठेवली त्यातलं औषध हंगाम संपेपर्यंत चांगलं राहिलं, मार्चच्या उन्हातही. हे पुढचं पोस्टरवर नाही: आईच्या मडक्यातली शेवटची बाटलीसुद्धा मी तपासली. टोळीवरून सामानाचं गोणपाट घरी आलं, त्यात मडकं होतं आणि मडक्यात ती बाटली होती, अर्धी. ती मी गुपचूप कॉलेजात नेली. तिच्यातलं औषध चांगलं होतं, आबा. त्यात काही बिघडलेलं नव्हतं.

आई गेली ती पायाच्या जखमेने. उसाचं खोडकं तळव्यात घुसलं होतं, ते तिने चपलेत दडवलं आणि आत पू झाला. अशी जखम चिघळली की अंगातली साखर भडकते, रोजचं इंजेक्शन कितीही चांगलं असलं तरी पुरं पडत नाही. दवाखान्याच्या कागदावर हे लिहिलेलं आहे. तुम्हाला ते कुणी समजावून सांगितलं नाही आणि मी समजत होते की तुम्हाला ठाऊक आहे.

डोळ्यांवरची पट्टी आमच्यात सगळ्या रुग्णांच्या फोटोला लावतात. कुणाची अब्रू राखायला मी ती लावली नाही. तुमची अब्रू कुठे गेलेलीच नाही.

सुकन्या


(कानिफनाथमामांच्या हाती आलेली चिठ्ठी)

२३ तारीक

सुकन्या,

चिठ्या पोचल्या. वाचल्या. कानिफनाथकडनं परत एकदा वाचून घेतल्या.

तुझ्यावर माझा राग न्हाई. कधीच नव्हता. तुझ्याकडं बगाया हुईना म्हनून जात हुतो.

एक इचारतो. मी तुझा बाप हाय म्हनून असं लिवलंस का? परक्या मानसाचं मडकं असतं तरी हेच लिवलं असतंस का? माझं मन राखाया लिवलं असशील तर तसं सांग, मला वाईट वाटनार न्हाई. पर खरं काय ते कळू दे. तवर झोप न्हाई.

आसाराम


श्रीरामपूर
२५ जानेवारी २०२६

आबा,

परिषदेत एवढे परीक्षक होते, त्यातल्या एकानेही हा प्रश्न विचारला नाही. तो विचारायलाच हवा होता. बापाच्या मडक्याबद्दल लेकीने दिलेल्या साक्षीवर कुणी का विश्वास ठेवावा?

तर तुम्ही माझ्यावर ठेवूच नका. काय घडलं ते सांगते.

ती बाटली मी कॉलेजात नेली खरी, पण कितीतरी दिवस तपासली नाही. फ्रिजच्या मागच्या कोपऱ्यात ठेवली होती आणि दार उघडलं की नजर चुकवायची. औषध खराब निघालं तर मी तुमच्यासमोर कशी येणार, याची भीती वाटायची. आणि दुसरी भीती याहून वाईट होती. खराब असूनही मी मोजताना कुठेतरी हात हलका सोडेन, आकडा तुमच्या बाजूने झुकवेन. मला माझाच भरवसा नव्हता.

आमच्या प्रयोगशाळेत सहादेव सर आहेत. मोजायचं यंत्र तेच सांभाळतात. अतिशय कोरडा माणूस, पोरं त्यांना टरकून असतात. त्यांना मी सगळं सांगितलं. त्यांनी तशाच दिसणाऱ्या बऱ्याच बाटल्या जमवल्या. काही दुकानातून नव्या आणल्या. काही मुद्दाम पत्र्यावर उन्हात ठेवून बिघडवल्या. सगळ्या तेवढ्याच अर्ध्या करून त्यात आईची बाटली मिसळली, सगळ्यांवरचे कागद काढले आणि स्वतःच्या मनाने आकडे घातले. कुठला आकडा कुणाचा ते एका कागदावर लिहून त्यांनी कपाटात कुलूप लावून ठेवलं. किल्ली त्यांच्या खिशात.

मग मी एकेक बाटली मोजली. कुठली आईची, हे मला माहीत नव्हतं. सगळे आकडे लिहून, खाली सही करून मी त्यांच्या हातात दिले. सही झाल्यावर एक अक्षरही बदलता येत नाही. त्यानंतर त्यांनी कपाट उघडलं.

मी खुर्चीची पाठ धरून उभी होते. सरांनी दोन्ही कागद शेजारी ठेवले, बोट फिरवत खाली आले, थांबले. मग चष्मा काढून मला म्हणाले, "मॅडम, तुमच्या आईंचं औषध दुकानातल्या नव्या बाटलीसारखं आहे." आणि ते, कधी कुणाशी धड न बोलणारे, बाहेर गेले आणि माझ्यासाठी चहा घेऊन आले.

तेव्हा परक्या माणसाचं मडकं असतं तरी मी हेच लिहिलं असतं का, तर हो. मी मोजलं तेव्हा ते परक्याचंच होतं, आबा.

मामा आज श्रीरामपूरच्या बाजारात आले आहेत. हे पत्र घेऊन ते आता मोटारसायकलने निघतील. मी त्यांच्या मागे बसून येतेय. ते आत येऊन पत्र तुमच्या हातात देतील तेव्हा मी कोपीच्या बाहेर उभी असेन. सावकाश वाचा, पाहिजे तर पुन्हा वाचा. लगेच हाक मारली नाहीत तरी हरकत नाही, मी थांबेन.

सुकन्या